थेट म्हणजे नजरेच्या रेषेत

क्रिकेटचा सामना दूरचित्रवाणीवर दाखवणे त्या मानाने सोपे, कारण मैदान जागचे हलत नाही. पण 'तूर द फ्रान्स' ही सायकल शर्यत घ्या. तीन आठवडे, २१ टप्पे, सुमारे ३,४०० किलोमीटर. इथे मैदानच पळत असते. १९४८ मध्ये पॅरिसला या शर्यतीचा शेवट थेट दाखवला गेला, तो एका जागेवरून. आज घाटातले वळणही घरबसल्या दिसते. ते कसे?

मोटारसायकलवर मागे बसलेला कॅमेरामन चित्र टिपतो. ते मायक्रोवेव्ह लहरींवर स्वार होऊन निघते. या लहरी सरळ रेषेत जातात. डोंगर आडवा आला की अडतात. म्हणून चित्र आधी वर हेलिकॉप्टरकडे किंवा विमानाकडे जाते आणि तिथून जमिनीवरच्या डिश अँटेनाकडे उतरते.

डिशची नजर टॉर्चच्या झोतासारखी अरुंद. समजा, ती दोन अंशांची आहे. वीस किलोमीटरवर तिची रुंदी होते सुमारे ७०० मीटर. ताशी ३६० किलोमीटर वेगाने आडवे जाणारे विमान ती सात सेकंदांत ओलांडते. डिश वळली नाही, तर चित्र गेले! माणसाच्या हाताने हे तासन्‌तास कसे साधावे? म्हणून डिशला दोन मोटारी असतात. एक आडवी फिरवते, दुसरी वर-खाली करते. विमानाचा ठावठिकाणा जीपीएसवरून कळतो, संगणक कोन काढतो. दुसरी रीत म्हणजे डिश किंचित हलवून संदेश कुठे प्रबळ होतो हे पाहत राहायचे. आंधळा माणूस आवाजाच्या दिशेने मान वळवतो ना, तसेच.

आता २६ जुलै २०१९ आठवा. आल्प्समध्ये इझेरान घाटाचा माथा ओलांडून सायकलस्वार उतारावर सुटले होते. पुढे गारांचा खच पडला होता, दरड कोसळून रस्ता बंद झाला होता. गारांचा तो खच प्रेक्षक पाहत होते. उतरणाऱ्या खेळाडूंना त्याची कल्पना नव्हती. शर्यत थांबवावी लागली. माथ्यावरची वेळ ग्राह्य धरली गेली आणि कोलंबियाचा एगान बेर्नाल आघाडीवर आला. दोन दिवसांनी पॅरिसमध्ये तोच विजेता ठरला.

आपल्या भाषेत 'थेट' म्हणजे सरळ, मध्ये काही आड न येता. प्रक्षेपणाला हा शब्द किती नेमका बसतो! कॅमेरा काय पाहतो याचे कौतुक होते. त्या पाहण्यावरून क्षणभरही नजर न काढणारी डिश मात्र कुणाला दिसत नाही. ती दिसते, ती फक्त चुकते तेव्हा.