पाकिटावरचा नऊ



मागच्या दिवाळीआधी आमच्या गटाने काळ्या मसाल्याची ४० पाकिटं तालुक्याच्या एका दुकानात ठेवली. आठवड्यात दुकानदाराचा फोन. "ताई, माल घेऊन जा. एकच महिना टिकणारा मसाला कोण घेणार?" आम्ही तर ९ महिने छापलं होतं! पाकीट हातात घेतलं तेव्हा कळलं. लग्नपत्रिकेसारखं नक्षीदार अक्षर आम्हीच हौसेने निवडलेलं. लहान आकारात छापताना बारीक रेघा उडाल्या, गाठी शाईने भरल्या आणि ९ चा १ दिसू लागला. माल परत आणला, रिक्षाचं भाडं वेगळं.

गटातल्या एका ताईंची मुलगी डीटीपीचं काम करते. तिने 'पॉपिन्स' नावाचा फाँट दाखवला. फाँट म्हणजे अक्षरांचं वळण. हा अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीने काढला, यातली देवनागरी निनाद काळे यांनी रेखाटली. मोबाइलवरच्या कितीतरी अ‍ॅपमध्ये अशीच अक्षरं असतात. इंग्रजी 'ओ' जवळपास बांगडीसारखा गोल, रेघ सगळीकडे साधारण एकाच जाडीची, टोकाला शेपट्या नाहीत. आपली देवनागरी बोरूने लिहिलेली, कुठे जाड कुठे पातळ. ती अशी एकसारखी पाहून मला आधी शाळेच्या फळ्यावरच्या खडूची आठवण झाली. पण पोकळ्या मोकळ्या, त्यामुळे छपाईत बुजत नाहीत.

यात नऊ जाड्या आहेत. सगळ्यांत पातळ लेबलला घेऊ नका, ती उडेल. आम्ही मधली घेतली. हे अक्षर रुंद आहे, जागा खातं. म्हणून 'घरगुती, चविष्ट, पारंपरिक' यातले दोन शब्द कापले. काही बिघडलं नाही. मसाल्याचं नाव मोठं हवं होतं, त्याला मुंबईच्या एक टाइपचा 'बालू' वापरला. तो गुबगुबीत, टोकंही गोल.

दोन्ही गूगल फाँट्सवर फुकट मिळतात आणि विक्रीच्या मालावर वापरायला परवानगी आहे. विकतचा फाँट कुणाच्या पेनड्राइव्हमधून उचलू नका.

फाँट निवडताना त्यात 'खोबऱ्याची' आणि 'लसूण-शेंगदाणा' लिहून बघा. 'ऱ्य' नीट येतो का? ल आणि श आपल्या मराठी वळणाचे आहेत की हिंदी, तेही बघा. संगणकाच्या पडद्यावर सगळंच सुंदर दिसतं. म्हणून खऱ्या आकारात एक प्रत छापून घ्या आणि ती गटातल्या सगळ्यांत वयस्कर बाईच्या हातात द्या.

आमच्या आजींनी चष्मा न लावता वाचलं, "नऊ महिने." तरी आम्ही आकड्यापुढे अक्षरातही 'नऊ' छापलं. नवी लेबलं लावून तीच पाकिटं त्याच दुकानात गेली. आता लोणच्याचं लेबल करायचंय आणि आजी म्हणतात, बरणी गोल असते, कागद वळतो, आधी चिकटवून दाखवा.