शिपायाच्या घरची आजी

श्रोतेहो, आज मी आपणांस दोन आज्यांची हकीकत सांगणार आहे. एक माझी स्वतःची. चाळीसगाव तालुक्यात गिरणेकाठच्या एका खेड्यात तिचा संसार झाला. दुसरी धुळ्याजवळच्या बोरविहीर गावची. तिला मी पाहिले नाही. परंतु २०१६ साली तिची वार्ता वर्तमानपत्रांत वाचली, आणि त्या दिवसापासून या दोघी माझ्या मनात शेजारी शेजारी येऊन बसल्या आहेत.

माझे आजोबा मराठा पलटणीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये शिपाई होते. बेळगावी कवायत शिकून ते समुद्रापार गेले. १९४१ च्या मार्चमध्ये एरिट्रियातील केरनच्या लढाईत याच बटालियनने 'पिनॅकल' नावाची टेकडी घेतली. पुढे ती इटलीत लढली. नाईक यशवंत घाडगे, ज्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, ते याच बटालियनचे. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या खोऱ्यात ते पडले. आजीला यांपैकी एकही नाव ठाऊक नव्हते. लढाईवरून येणाऱ्या पत्रात ठिकाण लिहिण्याची मनाई असे. फील्ड पोस्ट ऑफिसचा आकडा तेवढा दिसे. मनिऑर्डर आली म्हणजे मनुष्य सुखरूप आहे, एवढाच तिचा हिशेब.

आपल्या खानदेशात आखाजीला सासुरवाशीण माहेरी जाते, झोके घेते, गाणी म्हणते. लढाईच्या त्या वर्षांत आजी एकदाही माहेरी गेली नाही. भाऊ न्यावयास येई आणि जेवून परत जाई. ती गावी नसताना टपालवाला येऊन गेला तर, ही तिची धास्ती. घरात म्हातारी सासू, दोन लहान मुले आणि कपाशीचे शेत. एवढ्यावर तिचे दिवस जात.

तिला अक्षरओळख नव्हती. पत्र आले की गावचे मास्तर ओट्यावर बसून वाचून दाखवीत. ती सारी पत्रे तिने लोखंडी पेटीत जपून ठेवली होती. मी तिसरीत गेलो आणि मला बरे वाचता येऊ लागले, तेव्हा एके दुपारी तिने पेटी उघडून एक पत्र माझ्या हाती दिले. ते १९४४ च्या पावसाळ्यातले होते. अक्षर आजोबांचे नव्हते. मी मोठ्या ऐटीने वाचू लागलो, आणि चौथ्या ओळीत अडखळलो. मांडीत गोळी लागली आहे, इस्पितळात आहे, पत्र मित्राकडून लिहविले आहे, असा मजकूर होता. मी घाबरून तिच्याकडे पाहिले. ती तूर निवडीत होती. हात थांबला नाही.

"माले माहीत व्हतं, भाऊ," ती म्हणाली.

मास्तरांनी ती ओळ त्या दिवशी वाचलीच नव्हती! परंतु वाचताना त्यांचे बोट कागदावरून चालत असे, आणि तिसऱ्या ओळीवरून ते एकदम पाचवीवर गेलेले तिने पाहिले होते. अक्षर येत नव्हते, तरी तिफणीमागे चालणाऱ्या बाईस ओळी मोजता येतात. चांगली गोष्ट कोणी गाळीत नाही, हेही तिला कळत होते. तिने विचारले मात्र नाही. सासू शेजारी बसली होती. तिला रात्रीची झोप लागावी म्हणून ही गप्प राहिली. आजोबांच्या स्वतःच्या हातचे पत्र येईपर्यंत त्या गाळलेल्या ओळीचे ओझे तिने एकटीने वाहिले. घरात कोणास संशय आला नाही. आजोबा पुढे लंगडत का होईना, घरी आले.

मास्तरांनी केले ते योग्य की अयोग्य? सारी हयात शाळेत घालवूनही मला ते ठरविता आलेले नाही. मी असतो तर वाचले असते, असे कधी वाटते. कधी वाटत नाही.

आता बोरविहीरची गोष्ट. चंदू चव्हाण या तरुणाचे आईबाप लहानपणीच वारले. आजोळच्या आजीआजोबांनी त्याला आणि त्याच्या थोरल्या भावाला वाढविले, आणि दोघेही सैन्यात गेले. चंदू ३७ व्या राष्ट्रीय रायफल्समध्ये होता. २९ सप्टेंबर २०१६ रोजी, म्हणजे भारतीय सेनेने नियंत्रणरेषेपलीकडील कारवाई जाहीर केली त्याच दिवशी, तो चुकून रेषा ओलांडून गेला आणि पाकिस्तानच्या हाती सापडला. आजी त्या वेळी थोरल्या नातवापाशी जामनगरला होती. बातमी तिच्या कानी पडली आणि हृदयविकाराच्या झटक्याने तिचा अंत झाला.

तिथे मध्ये कोणी मास्तर नव्हते. जी वार्ता माझ्या आजीकडे आठवड्यांनी, तीही एक ओळ गाळून पोहोचली, तशीच वार्ता या माउलीवर सबंध आणि एकाएकी कोसळली. नातू जिवंत आहे की नाही, हे सांगावयास त्या घटकेला कोणी नव्हते.

तो जिवंत होता. २१ जानेवारी २०१७ रोजी वाघा सरहद्दीवरून त्याला परत पाठविण्यात आले. तोवर जवळजवळ चार महिने उलटले होते. घरच्यांनी आजीच्या अस्थी विसर्जित न करता त्याच्यासाठी राखून ठेवल्या होत्या.