कापलेल्या जाळ्याची भरपाई

मुशी म्हटली की आपल्याला कालवणच आठवते! पण आजची मुशी बारा मीटरहूनही अधिक वाढू शकते आणि खाते काय, तर पाण्यातले बारीकसारीक जीव. ही व्हेल शार्क. वेरावळकडे तिला ‘बॅरल’ म्हणत. गळाला लागलेली ही मुशी खोल जाऊ नये म्हणून दोराला पिंपे बांधीत, त्यावरून हे नाव. तिच्या यकृताचे तेल होड्यांना चोपडीत, मांस परदेशी जाई.

२००१ साली कायद्याने ही शिकार बंद झाली. पण चुकून जाळ्यात शिरली तर? सोडायची म्हणजे जाळे कापायचे, आणि जाळे हेच तर कोळ्याचे भांडवल. ‘वाचवा’ म्हणणे किनाऱ्यावरून सोपे असते हो!

२००४ पासून गुजरातेत वनखाते, वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया आणि टाटा केमिकल्स यांनी मोहीम चालवली. मोरारीबापूंनी सांगितले, ही बाळंतपणाला माहेरी आलेली लेक आहे. हे कोळ्यांना पटले. मात्र सोबत जाळ्याची भरपाईही होती, हे विसरू नये. पुढे होडीवर कॅमेरे दिले. अंमलदार येईपर्यंत मासा अडकवून ठेवायला नको. फोटो काढा, जाळे कापा, पैसे मागा. अशा शेकडो मुशा सुटल्या.

आपल्या महाराष्ट्रानेही २०१८ च्या अखेरीस अशीच योजना काढली. संरक्षित प्राण्यासाठी जाळे कापले, तर पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई. पैसे जाळ्याचे मिळतात. त्या दिवशी जाळलेले डिझेल आणि हुकलेली मासळी मात्र अजून कोळ्याच्याच खाती पडते.