रबर ‘सापडत’ नाही

(शोळिंगनल्लूर, चेन्नई येथे आयटीत नोकरी करणाऱ्या मराठी मित्रमैत्रिणींसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी साजन मणी या कलाकाराबद्दल बोलणार आहे. मूळचे केरळातल्या कण्णूर जिल्ह्यातले, रबराच्या झाडांचा चीक काढणाऱ्या दलित कुटुंबातले. राहतात बर्लिनला. २०२१ साली त्यांना ‘बर्लिन आर्ट प्राइझ’ मिळालं. वसाहतकाळात दक्षिण भारतातल्या लोकांचे काढलेले फोटो बर्लिनच्या संग्रहालयात आहेत. मणींनी तसे फोटो सिल्कस्क्रीननं छापले. कागदावर नाही, कच्च्या रबराच्या शीटवर.

सिल्कस्क्रीन आपल्याला नवीन नाही. १४ एप्रिलचे टी-शर्ट, लग्नाच्या पत्रिका अशाच निघायच्या. चौकटीवर ताणलेली जाळी, वर शाई, आणि ती ओढायला पट्टी. (ती पट्टीही बहुधा रबराचीच!)

पण शीट कशी होते ते ऐका. पहाटे झाडाच्या सालीला काप द्यायचा, वाटीत चीक धरायचा, ट्रेमध्ये ॲसिड घालून तो गोठवायचा, रोलरमधून काढायचा, मग वाळवायचा. रोलरच्या खाचांनी शीटवर रेघा उठतात. म्हणजे चित्रकाराच्या आधी मजुराचा ठसा तिच्यावर पडलेला असतो.

कलेच्या पुस्तकांत अशा साहित्याला ‘सापडलेली वस्तू’ म्हणतात. मला हा शब्द खटकतो. कुणाला सापडली? चीक काढणाऱ्याच्या घरी रबर सापडत नाही, रोज पहाटे उठून ते करावं लागतं.

आपल्या नागपूरच्या सवी सावरकरांनी एचिंगमधून गळ्यातलं मडकं आणि झाडू दाखवला. त्या छापांपुढे मान खाली जाते. पण तिथे मडकं चित्रात आहे. मणींकडे घरच्या कष्टाची वस्तूच चित्राची पाठ झाली आहे. मला हे पुढचं पाऊल वाटतं. तुम्ही वाद घालू शकता.

इथून जवळच कण्णगी नगर आहे. शहरातल्या वस्त्या उठवून माणसं तिथं आणली गेली. २०२० मध्ये तिथल्या इमारतींवर मोठमोठी चित्रं रंगवली. भिंती देखण्या झाल्या, नाही म्हणत नाही. पण या रस्त्यावरच्या ऑफिसांत हाऊसकीपिंग करणाऱ्या कितीतरी बायका तिथून येतात. उद्या त्यांच्या हातातला मॉप कुणाला ‘सापडला’ आणि गॅलरीत टांगला गेला, तर खालच्या पाटीवर कुणाचं नाव असेल?

म्हणून एक काम सांगते. दिवाळीला गावी जाल तेव्हा घरातली रापी, खुरपं, केरसुणी, काय असेल ते बघा. नुसता फोटो काढून स्टेटसला टाकू नका. ती कुणी वापरली, किती वर्षं, कुणाच्या शेतात किंवा दारात, मजुरी काय मिळायची, हे आईला, आजीला विचारून वहीत लिहा. त्यांच्याच शब्दांत. तारीख आणि पूर्ण नाव घाला.

आता तुमचे प्रश्न घेऊ.