हिपॅटायटिस ‘सी’ : निदानानंतरचे पहिले दिवस

एखादा गृहस्थ रक्तदान करून घरीं येतो आणि कांहीं दिवसांनीं रक्तपेढीचा निरोप येतो, कीं रक्तांत हिपॅटायटिस ‘सी’चें चिन्ह आढळलें. प्रकृति तर ठणठणीत! कावीळ नाहीं, ताप नाहीं. त्या रात्रीं घरांत कोणास अन्न गोड लागत नाहीं. दुसऱ्या दिवशीं त्याचें ताट वेगळें मांडलें जातें, आणि रोगापेक्षां तें वेगळें ताटच त्यास अधिक झोंबतें.

तें ताट प्रथम पंक्तींत परत यावें. हा विषाणु रक्तांतून रक्तांत जातो. एकत्र जेवल्यानें, पाण्याच्या भांड्यानें किंवा मूल कडेवर घेतल्यानें जात नाहीं. वस्तरा, दांतांचा ब्रश व नखें काढण्याचें साधन मात्र ज्याचें त्याचें असावें. पतिपत्नींपैकीं दुसऱ्याची, आणि रोग मातेस असल्यास मुलांचीहि, एकदां तपासणी करावी. तो आला कोठून, याचा पंचनामा घरांत करूं नये. तपासणी सक्तीची होण्यापूर्वीं घेतलेलें रक्त, दुसऱ्यास वापरलेली सुई, गोंदण, न्हाव्याचा वस्तरा, वाट कोणतीहि असूं शकते. पुष्कळदां ती उमगतच नाहीं. त्यावरून माणसाच्या शीलाविषयीं तर्क बांधणें हा निव्वळ अन्याय होय.

पहिल्या तपासणींत दिसतात तीं विषाणूचीं उमटलेलीं पावलें. तो अजून शरीरांत आहे कीं नाहीं, हें आर. एन. ए. तपासणीनेंच ठरतें. शंभरांतील १५ ते ४५ जण पहिल्या सहा महिन्यांत औषधावांचूनच मुक्त होतात. इतरांत तो वर्षानुवर्षें मुकाट्यानें यकृत पोखरतो. म्हणून ‘आपणांस कांहीं होत नाहीं’ ही सबब चालत नाहीं.

हा विषाणु १९८९ सालीं ओळखला गेला. पूर्वीं महिनोन्महिने सुया टोचून घ्याव्या लागत, ताप व खिन्नता सोसावी लागे, आणि तरीहि अनेकांच्या पदरीं निराशाच येई. २०१३ च्या अखेरीस सोफोस्बुव्हिर हें औषध अमेरिकेंत आलें, तेव्हां एका गोळीस १,००० डॉलर पडत. भारतांत २०१८ पासून सरकारी कार्यक्रमांत तपासणी व गोळ्या विनामूल्य मिळतात. बहुतेकांस १२ आठवडे, यकृत फार कठीण झालेल्या कांहींस २४ आठवडे त्या घ्याव्या लागतात. शंभरांत ९५ च्या आसपास लोक बरे होतात. आरंभापूर्वीं हिपॅटायटिस ‘बी’ची तपासणी व्हावी, आणि चालू असलेलें प्रत्येक औषध डॉक्टरांस सांगावें. मद्य पूर्ण वर्ज्य. गळ्यांत काविळीची माळ घालणें, चुन्याच्या निवळीनें हात धुणें, हळद बंद करणें, यांनीं विषाणु ढिम्म हलत नाहीं. कांहीं झाडपाला तर यकृतासच अपाय करतो.

गोळ्या संपल्यावर १२ आठवड्यांनीं आर. एन. ए. तपासणी करतात. तींत विषाणु न आढळल्यास रोगी बरा झाला. पहिल्या तपासणींतील चिन्ह मात्र बहुधा जन्मभर राहतें, आणि नव्या डॉक्टरास पुन्हां शंका येते. म्हणून तो शेवटचा कागद जपून ठेवावा.