तळं दिसणारं घर आणि नोटरीचा पहिला प्रश्न

मी बडोद्याहून आले आहे. आमच्या चार पिढ्या दांडिया बाजारात गेल्या, त्यामुळे माझ्या मराठीत मधूनच गुजराती डोकावली तर सांभाळून घ्या. मी बँकेत एकतीस वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची बारा परकीय चलनाच्या खिडकीवर. मुलाची फी पाठवणारे, मुलीला मदत पाठवणारे, परदेशात घर घेऊ पाहणारे, सगळ्यांचे फॉर्म माझ्या हाताखालून गेले. आणि निवृत्तीनंतर दोन वर्षांत खिडकीच्या दुसऱ्या बाजूला उभं राहायची वेळ माझ्यावरच आली. तीच गोष्ट आज सांगणार आहे.

आमचा मुलगा मिलानमध्ये नोकरी करतो. एके रात्री त्याने फोटो पाठवला. कोमो तळ्याच्या पश्चिम काठावर, आर्जेन्यो गावाच्या वर, डोंगराच्या कुशीत एक जुनं दगडी घर. खाली निळं पाणी, समोर डोंगर, पुढे गच्ची. जाहिरातीत मोठ्या अक्षरात लिहिलेलं, 'व्हिस्टा लागो', म्हणजे तळ्याचं दर्शन. त्या दोन शब्दांसाठी तिकडे किती पैसे जास्त मोजावे लागतात ते मला नंतर कळलं. किंमत ४ लाख २० हजार युरो. युरो तेव्हा शंभरीला टेकला होता, म्हणजे सव्वाचार कोटींच्या आतबाहेर.

फोटो पाहून ह्यांचा चेहराच बदलला. ह्यांचं बालपण सुरसागराच्या काठी गेलेलं. खिडकी उघडली की पाणी, हे सुख ज्याने एकदा अनुभवलंय त्याला ते विसरता येत नाही. ताबडतोब म्हणाले, "बडोद्याचा फ्लॅट विकू. आपल्याला आता इथे काय ठेवलंय?"

मी काही बोलले नाही. ठेवी मोडण्याआधी मी बोलतच नाही, ही जुनी सवय.

हिशेब असा होता. निम्म्या रकमेचं कर्ज मुलाला तिथली बँक देणार. उरलेले दोन कोटी दहा लाख आमचे, म्हणजे फ्लॅट अधिक जन्मभराच्या ठेवी. परदेशी पैसे पाठवण्याची जी योजना आहे, एलआरएस, ती २००४ साली सुरू झाली तेव्हा मर्यादा होती फक्त २५,००० डॉलर. आता माणशी, एका आर्थिक वर्षाला, २,५०,००० डॉलर आहे. नवरा-बायको मिळून पाच लाख. मर्यादेचा प्रश्नच नव्हता.

प्रश्न हातातल्या रोकडीचा होता, आणि लोक नेमके तिथेच अडकतात. अशा कारणासाठी वर्षात १० लाखांच्या वर जे पाठवाल त्यावर बँक २० टक्के टीसीएस कापून घेते. आम्ही प्रत्येकी एक कोटी पाच लाख पाठवणार. दहा वजा केले, राहिले पंचाण्णव. त्याचे २० टक्के म्हणजे एकोणीस लाख. दोघांचे अडतीस. हा काही जास्तीचा कर नव्हे. तुमच्या नावावर जमा होतो, विवरणपत्र भरलं की हिशेबात धरला जातो, जास्त असेल तो परत मिळतो. पण परत मिळेपर्यंत तो तुमच्या हातात नसतो. दोन कोटी दहा लाख पाठवायला दोन कोटी अठ्ठेचाळीस लाख जवळ लागतात. आणि परदेशात मालमत्ता घ्यायला पैसे पाठवायचे तर त्यासाठी इथली बँक तुम्हाला कर्ज देऊ शकत नाही. माझ्या खिडकीवर हे ऐकून किती जणांचे चेहरे पडलेले मी पाहिलेत. आमच्या घरी ह्यांचा पडला.

तरी आम्ही सप्टेंबरात गेलो. व्हिसा अर्थात पर्यटकाचा.

मुलाने घर पाहण्याआधी नोटरीची वेळ घेतली होती, हे त्याचं शहाणपण. तिकडचा नोटरी म्हणजे आपल्या कोर्टाबाहेर शिक्के मारणारा नव्हे, बरं का. त्याला नोतायो म्हणतात. तो सरकारने नेमलेला कायदेपंडित असतो. खरेदीखत त्याच्यासमोर होतं, कर तो गोळा करतो, मालकी आणि बोजा तो तपासतो, आणि बहुतेक वेळा त्याला निवडतो तो खरेदीदार. आमच्या नोतायो बाई पन्नाशीच्या, चष्मा डोक्यावर. त्यांनी किंमत विचारली नाही, पैसे कुठून येणार तेही विचारलं नाही. पहिला प्रश्न असा: "इटलीचा माणूस तुमच्या देशात घर विकत घेऊ शकतो का?"

मुलाने भाषांतर केलं आणि माझ्याकडे पाहिलं. खोलीत उत्तर फक्त मला माहीत होतं.

उत्तर असं की नाही. भारतीय वंशाचा नसलेला, परदेशात राहणारा परदेशी नागरिक आपल्याकडे घर घेऊ शकत नाही. पाच वर्षांपर्यंत भाड्याने घेऊ शकतो, एवढंच. गोव्यातल्या मंडळींना हे वेगळं सांगायला नको. पर्यटकाच्या व्हिसावर आलेल्यांनी तिथे जमिनी घेतल्या म्हणून किती गदारोळ झाला होता. आणि इटलीच्या कायद्यात १९४२ पासून तत्त्व बसलेलं आहे की परदेशी माणसाला तिथल्या नागरिकासारखे हक्क मिळतील, पण परतफेडीच्या अटीवर. तुम्ही आमच्या माणसाला देता तेच आम्ही तुमच्या माणसाला देऊ. कुठल्या देशाशी काय स्थिती आहे याची माहिती त्यांचं परराष्ट्र खातं ठेवतं. बाई म्हणाल्या, तुमच्या दोघांच्या नावाने मी सही करायला धजणार नाही.

एकतीस वर्षं मी आपला कायदा आपल्या बाजूने वाचत आले. तो टेबलाच्या पलीकडून आपल्यावरच उलटून येऊ शकतो हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

मुलाची गोष्ट वेगळी. त्याच्याकडे नोकरीसाठी राहण्याचा रीतसर परवाना आहे, आणि असा परवाना असणाऱ्याला ती अट तपासली जात नाही. तो घेऊ शकतो. म्हणजे पैसे आमचे, नाव त्याचं. आम्ही त्याला बक्षीस म्हणून पाठवायचे. एलआरएसमध्ये ते चालतं, त्याच मर्यादेत.

ह्यांना वाटलं, सुटला प्रश्न. मला वाटलं, आत्ता सुरू झाला. मी नोतायो बाईंना विचारलं, घर मुलाच्या नावावर असू दे, पण आम्ही जिवंत आहोत तोवर तिथे राहायचा हक्क कागदावर येईल का? तिकडे अशी सोय आहे, तिला उझुफ्रुत्तो म्हणतात. मालकी एकाची, हयातभर वापर दुसऱ्याचा. कित्येक म्हातारी माणसं आपलं घर असं विकतात, पैसे घेतात आणि मरेपर्यंत त्याच घरात राहतात. बाई हसल्या. म्हणाल्या, तोही हक्कच आहे, तोच प्रश्न तिथेही येईल.

मुलाचे कान लाल झाले. बाहेर आल्यावर म्हणाला, "आई, तुला माझ्यावर विश्वास नाही?" मंडळी, या वाक्याला उत्तर नसतं. मी म्हणाले, "तुझ्यावर आहे रे. तुझ्या नोकरीवर, परवान्यावर, उद्या काय होईल त्यावर मी कसा ठेवू?" तो आर्जेन्योपर्यंत बोलला नाही. सूनबाई मात्र गाडीत हळूच म्हणाल्या, "आईंचं बरोबर आहे."

आता घर. फोटोत सगळं दिसत होतं, पायऱ्या तेवढ्या दिसत नव्हत्या. गाडी लावायच्या जागेपासून दारापर्यंत एकशे अठरा. मी मोजल्या. ह्यांच्या गुडघ्याने तर प्रत्येकीची नोंद घेतली. सिलिंडर, किराणा, आजारी माणूस, सगळं याच वाटेने. दारात पोचलो तर दृश्य खरंच फोटोहून सुंदर. खोटं कशाला बोलू, पाच मिनिटं मीही सगळं विसरले.

मग दुपारी सूर्य डोंगराआड गेला. पश्चिमेचा डोंगर पाठीशी म्हणजे सकाळचं ऊन भरपूर आणि दुपारनंतर सावली. सप्टेंबरात अशी, तर डिसेंबरात किती लवकर? समोरच्या काठावर मात्र अजून लख्ख ऊन होतं. त्या तळ्याला दोन्ही काठ आहेत, हे घर घेणाऱ्याने संध्याकाळी जाऊन पाहावं.

आणि घरामागची भिंत. डोंगर अडवून धरणारी दगडी भिंत, मधोमध फुगलेली. २७ जुलै २०२१ ला याच तळ्याकाठी प्रचंड पाऊस होऊन लाल्यो, ब्लेव्यो या गावांत डोंगर रस्त्यावर आला होता. लाल्यो म्हणजे जिथे जॉर्ज क्लूनीचा बंगला आहे ते. माळीण आपण विसरलेलो नाही, त्यामुळे मला सांगावं लागलं नाही. मुलाने तंत्रज्ञ लावला. लोंबार्दीत प्रत्येक गावाच्या आराखड्यासोबत जमिनीचा नकाशा असतो, चार वर्ग केलेले. पहिला निर्धोक, चौथा सर्वांत कडक निर्बंधांचा. घर तिसऱ्यात होतं, भिंतीपलीकडचा उतार चौथ्यात.

खरी गंमत गच्चीची. जिच्यासाठी सगळे पैसे, ती गच्ची कातास्तोच्या, म्हणजे तिथल्या मालमत्ता नोंदणीच्या नकाशात नव्हतीच! कधीतरी मागून बांधलेली. २०१० पासून तिकडे नियम आहे की नोंदलेला नकाशा आणि प्रत्यक्ष घर जुळतं असं विक्रेत्याने खतात लिहून द्यावं लागतं, नाहीतर खत रद्दबातल. शिवाय तळ्याच्या काठापासून ३०० मीटरच्या आत निसर्गदृश्य संरक्षित असतं, बाहेरून काही बदलायचं तर वेगळी परवानगी. एजंट मात्र म्हणत होता, इथे सगळ्यांच्या गच्च्या अशाच आहेत. हे वाक्य मी बडोद्यातही ऐकलंय.

त्याच एजंटने पहिल्याच भेटीत एक छापील कागद पुढे केला होता. नुसता प्रस्ताव आहे, सही करा, पाच हजारांचा चेक द्या. तेवढं लक्षात ठेवा. तो कागद विक्रेत्याने मान्य केला आणि तसं तुम्हाला कळलं की तुम्ही बांधले जाता. पुढच्या करारात काप्पारा नावाची रक्कम देतात. तुम्ही फिरलात तर ती गेली, विक्रेता फिरला तर त्याने दुप्पट परत द्यायची. आम्ही सही केली नाही.

कर मात्र वाटला होता तेवढा नव्हता. दुसऱ्या घरावर ९ टक्के, पण खाजगी मालकाकडून घेतलं तर तो विक्रीच्या किमतीवर नाही, नोंदणीतल्या मूल्यावर. समजा नोंदलेलं वार्षिक उत्पन्न ९०० युरो, त्याला १२६ ने गुणा, १,१३,४०० झाले, त्याचे ९ टक्के म्हणजे दहा हजारांच्या थोडं वर. एजंटची दलाली त्याहून जास्त झाली असती.

परतीच्या आदल्या रात्री जेवताना हे म्हणाले, "फ्लॅट विकायचा नाही." मी काहीच म्हणाले नव्हते. मुलगा ताटाकडे बघत राहिला, मग म्हणाला, "बाबा, मलाच तो हवा होता. तुमच्यासाठी म्हणत होतो, पण मलाच."

या मार्चमध्ये त्याने लेक्कोला दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला, स्वतःच्या कर्जावर. आम्ही प्रत्येकी पंचवीस लाख बक्षीस पाठवले. टीसीएस दोघांचा मिळून सहा लाख, त्याच्या परताव्याची मी अजून वाट पाहते आहे. फ्लॅट त्याच्या नावावर, म्हणून आमच्या विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचा रकाना भरायचा नाही. आमच्या नावावर असता तर दरवर्षी भरावा लागला असता, आणि विसरलं तर २०१५ च्या कायद्याप्रमाणे दहा लाखांचा दंड होऊ शकतो.

लेक्को स्टेशनपासून चालत आठ मिनिटं. लिफ्ट आहे. तळं स्वयंपाकघरातून दिसतं, दोन इमारतींच्या मधून, तेही ओट्याच्या डाव्या टोकाला उभं राहिलं तर. ह्यांनी तिथे एक स्टूल नेऊन ठेवलंय आणि सकाळचा चहा तिथेच घेतात. मला भाजी चिरायला जागा उरत नाही.