नेम चुकला म्हणून शिपाई सोडायचा?

कुंभकोणममध्ये फिल्टर कॉफीसोबत एकच हळहळ ऐकतो: पथिरानाला सोडायला नको होतं.

२०२२मध्ये जखमी मिल्नच्या जागी आलेला हा श्रीलंकेचा पोरगा. २०२३मध्ये १२ सामन्यांत १९ बळी, चेन्नईला विजेतेपद. पुढे १३ कोटींना राखला. २०२५मध्ये त्याला मार पडला, संघ तळाला गेला. २२व्या वर्षी त्याला मोकळं केलं. कोलकात्याने १८ कोटी मोजले.

पलटणीत एका खराब फायरिंगवरून जवानाला काढत नाहीत. आधी रायफल झिरो करतात.

त्याच लिलावात चेन्नईने प्रशांत वीर, कार्तिक शर्मा या नवख्यांवर प्रत्येकी १४.२० कोटी लावले. त्यांचा एक हंगाम फसला, तर आपणच ‘हाकला’ म्हणून ओरडणार का? आजची हळहळ खरी असेल, तर तेव्हा धीर धरा. जय हिंद.